तंबूतलं युद्ध : ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’

“टीचर, मधली शंभर-दीडशे पानं सोडली तर चालतील?” हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात इतिहास शिकवते आणि शनिवारी दुपारी गावच्या वाचनालयात आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर पुस्तकं वाचते. हॅरी पॉटरच्या सातव्या भागाशी आलं की गाडी हटकून एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे तंबू. तीन मुलं रानोमाळ तंबू ठोकत हिंडतात, धड काही घडत नाही, नुसती एकमेकांवर खेकसतात. मुलांना हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतली लढाई हवी असते. माझं उत्तर ठरलेलं आहे. शेवटची लढाई एक वेळ भराभर वाच, पण तंबूतलं एक पान सोडू नकोस. का, ते जरा ऐसपैस सांगते.

पुस्तक 21 जुलै 2007 ला आलं. जे. के. रोलिंगच्या सात भागांच्या मालिकेतला हा शेवटचा भाग. ब्लूम्सबरीच्या इंग्रजी आवृत्तीत 607 पानं, 36 प्रकरणं आणि वर एक उपसंहार. ज्यांनी अजून वाचलेलं नाही त्यांनी इथून पुढे जपून वाचावं. गोष्ट न फोडता या पुस्तकाबद्दल मनातलं बोलताच येणार नाही.

आधीचे सहाही भाग शाळेत घडतात. सप्टेंबरात गाडी सुटणार, वर्ग भरणार, मोठमोठे दिवाणखाने, ताटात आपोआप येणारं जेवण, आणि काही बिनसलंच तर मुख्याध्यापक डम्बलडोर आहेतच. सातव्या भागात यातलं काहीच उरत नाही. डम्बलडोर गेलेले. हॅरी, रॉन आणि हर्मायनी शाळेत परतायचंच नाही असं ठरवून बाहेर पडतात. दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचे तुकडे करून वेगवेगळ्या वस्तूंत दडवलेत, ते होरक्रक्स शोधून नष्ट केल्याशिवाय तो मरणार नाही. वस्तू कुठे आहेत ठाऊक नाही, एकूण कोणकोणत्या आहेत तेही पुरतं ठाऊक नाही, आणि सापडलीच तर फोडायची कशी याचाही पत्ता नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर एवढं ओझं.

निघण्याआधी हर्मायनी काय करते ते अगदी थोडक्यात येतं, आणि कित्येक मुलांच्या नजरेतून ते निसटतं. ती आपल्या आईवडिलांची स्मृती बदलते. आपल्याला एक मुलगी आहे हेच ते विसरतात आणि वेगळ्या नावांनी ऑस्ट्रेलियाला निघून जातात. शत्रूने त्यांना पकडून छळलं तरी त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरू नये म्हणून. हे ती हॅरीला सांगते तेव्हा तिचे डोळे भरून आलेले असतात, पण पुस्तकं निवडायचं काम चालूच असतं. कोणतं न्यायचं, कोणतं ठेवायचं. मी वाचनालयात हा भाग मोठ्याने वाचते. वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी काही बोलत नाही, मग एखादी मुलगी हळूच विचारते, “टीचर, मागीर (नंतर) त्यांना सगळं आठवतं?”

युद्ध सुरू कसं होतं, तेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे युद्ध म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे जत्रेतलं ऐतिहासिक नाटक येतं. देवळाच्या मांडवात तलवारी चमकतात, एक जण गर्जना करतो, दुसरा पडतो. इथे युद्ध येतं ते एका लग्नात. रॉनच्या थोरल्या भावाचं लग्न चालू आहे, मांडवात लोक नाचताहेत, आणि एक चंदेरी प्राणी येऊन निरोप देतो की जादूगारांचं सरकार, म्हणजे मंत्रालय, पडलं, मंत्री मेला, ते येताहेत. बस. दुसऱ्या दिवशी मंत्रालय नेहमीप्रमाणे उघडतं. कारकून कामावर जातात, वर्तमानपत्र निघतं, नवा मंत्री खुर्चीत बसतो. व्होल्डेमॉर्ट स्वतः कुठल्याही पदावर नाही. सत्ता त्याचीच, पण सही दुसऱ्याची.

मग निघतं परिपत्रक. ज्यांचे आईवडील जादूगार नाहीत त्या सगळ्यांनी नोंदणीसाठी हजर व्हावं. आरोप असा की जादू ही रक्तातूनच येते, तेव्हा तुमच्याकडे ती असेल तर तुम्ही ती चोरलेली असणार. तिघं वेषांतर करून मंत्रालयात घुसतात ते प्रकरण मला इतिहासाच्या तासाला वाचून दाखवावंसं वाटतं. एका मोठ्या खोलीत ओळीने टेबलं, आणि दहा-बारा माणसं एका लयीत हात हलवत गुलाबी पत्रकं तयार करताहेत. पत्रकात मजकूर काय, तर अशा ‘अशुद्ध’ लोकांपासून समाजाला असलेला धोका. माणसं कंटाळलेली दिसतात, क्रूर अजिबात नाही. शेजारच्या दारावर मंत्रालयातल्या अधिकारी अंब्रिजबाईंची पाटी, आणि त्या दारात बसवलेला, हॅरीच्या बाजूने लढणाऱ्या मॅड-आय मूडीचा जादूचा डोळा. मूडी पुस्तकाच्या सुरुवातीलाच मारला गेलेला आहे. त्याचा डोळा या बाईने कामगारांवर नजर ठेवायला दारात ठोकून घेतलाय. हॅरी तो उपटून घेतो. एवढ्या गुप्त मोहिमेवर असताना असं करणं म्हणजे धोकाच, पण त्याला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो एका जुन्या झाडाखाली तो डोळा पुरतो. हॅरी पॉटर कसा मुलगा आहे हे मला त्या खड्ड्यावरून जेवढं कळलं तेवढं त्याच्या कुठल्याही पराक्रमावरून कळलं नाही.

तळघरात चौकशी चालू आहे. एक साधी बाई, तीन मुलांची आई, खुर्चीला जखडलेली. भोवती माणसातला आनंद शोषून घेणारे थंडगार डिमेंटर. ही कांडी कुठल्या जादूगाराकडून हिसकावलीस, असं तिला विचारतात. ती रडत सांगते की अकरा वर्षांची असताना दुकानातून घेतली, कांडीनेच मला निवडलं. ते कोणी ऐकूनच घेत नाही, कारण निकाल आधीच ठरलाय.

आमच्या घरी माझे सासरे, आबा, हे सगळं माझ्याकडून ऐकतात. त्यांचं इंग्रजी वाचन वर्तमानपत्रापुरतं, पण गोष्ट ऐकायला ते कायम तयार. मंत्रालयाचा भाग सांगितला तेव्हा ते म्हणाले, “यात जादू खंय? पाखल्यांच्या (पोर्तुगिजांच्या) राज्यात लग्नाची पत्रिका छापायलासुद्धा परवानगी लागायची.” रक्ताच्या शुद्धतेचं वेड ज्याच्यापासून सुरू झालं त्या, शाळेतल्या स्लिदरिन घराच्या म्हणजे विद्यार्थी-गटाच्या, संस्थापकाचं पहिलं नाव सालाझार, हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा विचारलं, “काय म्हणालीस?” 1932 ते 1968 पोर्तुगालवर राज्य केलेल्या माणसाचं नाव आमच्या घरात सहज उच्चारलं जात नाही. रोलिंग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात इंग्रजी शिकवत होती. जगभरच्या वाचकांना ते एक विचित्र, भारदस्त नाव वाटत असेल. गोव्यातल्या वाचकाच्या पोटात मात्र खड्डा पडतो.

आता तंबू.

मंत्रालयातून निसटताना रॉनला जबर दुखापत होते, आणि लपण्याचं एकमेव घरही हातचं जातं. तिथून त्यांचा अज्ञातवास सुरू होतो. रोज नवी जागा, रोज तेच संरक्षक मंत्र पुटपुटत तंबूभोवती फेऱ्या मारायच्या, रात्री आळीपाळीने पहारा. जादूगार असूनही उपाशी, कारण अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही असा जादूचा नियमच आहे. हा नियम म्हणजे लेखिकेने केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट. एका वाक्यात तिने तिघांना जमिनीवर आणून ठेवलं. हर्मायनी रानातली अळंबी शोधून डब्यात शिजवते, आणि ती फार वाईट होते. (आमची मुलं इथे भांबावतात. जुलैत रस्त्याच्या कडेला अळमी विकायला बसतात तेव्हा घासाघीस करून, चढ्या भावाने घरी नेतात, आणि हा रॉन ताट सरकवतो!) कुठल्याशा शेतावरून अंडी आणतात तेव्हा हर्मायनी खुराड्याखाली पैसे ठेवून येते. ही चोरी नाही ना, असं काळजीच्या सुरात विचारते. एवढ्या संकटातही कोंबडीवाल्याचे पैसे बुडू नयेत ही तिची धडपड मला फार मोलाची वाटते.

भुकेचंही तिघांचं वेगवेगळं आहे. हॅरी मावशीच्या घरी उपाशी राहायला शिकलेला. हर्मायनी सोसते. रॉनला मात्र आईच्या हातचं तीन वेळचं गरम जेवण आणि शाळेतली मेजवानी याचीच सवय. त्यात होरक्रक्स असलेलं ते लॉकेट तिघांनी पाळीपाळीने गळ्यात घालायचं. ज्याच्या गळ्यात ते असेल त्याचं डोकं फिरतं, वाईट तेवढंच दिसू लागतं. आणि तिघांत ज्याच्यामागे मोठं कुटुंब आहे असा एकटा रॉनच. आई, बाप, पाच भाऊ, बहीण, सगळी धोक्यात, आणि कोणाचीच खबर नाही. एका रात्री तो फुटतो. “तुम्हाला काय, तुमचे आईवडील सुखरूप आहेत” अशा अर्थाचं बोलून जातो. हॅरीचे आईवडील कबरीत आहेत, हर्मायनीचे तिला ओळखतही नाहीत. हॅरी म्हणतो, जा मग. आणि रॉन खरंच जातो. हर्मायनी पावसात त्याच्यामागे धावते, ओली होऊन परत येते, खुर्चीत मुटकुळं करून रडत बसते.

आमच्या गटात एक मुलगा आहे, त्याचे वडील बोटीवर असतात. रॉनला सगळ्यांनी दगाबाज ठरवलं तेव्हा तो एकटाच बोलला, “घरचो फोन येना जाल्यार कशें जाता तें तुमकां खबर ना.” त्यानंतर चर्चेचा नूरच बदलला. मैत्रीवर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण मैत्री भुकेने, थंडीने आणि घरच्या काळजीने कशी कुरतडली जाते हे इतक्या सावकाशीने दाखवणारी फार थोडी. आणि ही सावकाशी म्हणजे पुस्तकातला दोष नाहीच. वाचणाऱ्यालाही कंटाळा यायला हवा. आता पुढे काय, असं त्यालाही वाटायला हवं. तेव्हाच रॉनचं जाणं अन्याय्य वाटूनही समजतं.

तो परत येतो तो प्रसंग सबंध मालिकेत मला सर्वांत प्रिय. गोठलेल्या तळ्याच्या तळाशी होरक्रक्स फोडू शकणारी तलवार, हॅरी कपडे उतरवून पाण्यात उतरतो, गळ्यातलं लॉकेट त्याचा गळा आवळू लागतं, आणि कोणीतरी त्याला वर खेचतं. शुद्धीवर येऊन बघतो तर अंगात सगळे कपडे तसेच घातलेला, निथळणारा रॉन. पहिलं काय बोलतो? कपाळात गेलेत का तुझे डोळे, पाण्यात उतरण्याआधी हे काढलं का नाहीस, अशा थाटात झापतो. माफीबिफी नंतर. लॉकेट फोडायचं कामही हॅरी त्यालाच देतो. ते उघडतं आणि रॉनच्या मनातली सगळी भीती त्याच्याच तोंडावर फेकतं. आईला मुलगी हवी होती, तू नको होतास. मैत्रिणीला हॅरी आवडतो, तू नाही. हॅरी ओरडतोय, मार, आणि रॉन तलवार उगारून थरथरतोय. तलवार पडते तेव्हा लॉकेटबरोबर आणखी काय काय तुटतं ते लेखिका सांगत बसत नाही. हॅरी नंतर एवढंच म्हणतो की हर्मायनी मला बहिणीसारखी आहे, तुला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. हर्मायनी मात्र रॉनला सहजी सोडत नाही. आधी बुक्क्या, मग कित्येक दिवस अबोला. ते योग्यच आहे.

रॉन एक बातमी घेऊन येतो. ‘पॉटरवॉच’ नावाचं गुप्त रेडिओ केंद्र. सरकारी वर्तमानपत्र खोटं छापतं, म्हणून शाळेतलाच जुना मित्र ली जॉर्डन जागा बदलत बदलत हे केंद्र चालवतो. बोलणारे सगळे टोपणनावांनी बोलतात, ऐकायला परवलीचा शब्द लागतो, आणि तो दर वेळी बदलतो. रॉन संध्याकाळ संध्याकाळ रेडिओवर कांडी आपटत एकेक शब्द म्हणून बघत असतो. एकदाचं लागतं. आधी मेलेल्यांची नावं. मग दोन क्षण शांतता. मग ओळखीचे आवाज, थोडी थट्टाही. तंबूत बसलेल्या तिघांना कितीतरी महिन्यांनी कळतं की आपण एकटे नाही. लढाई नाही, युक्ती नाही, फक्त आवाज. पण त्या रात्रीनंतर ती तिघं पुन्हा माणसांत येतात.

हे वाचताना गोव्यातल्या माणसाला दुसरं काही आठवणं शक्य नाही. 1955 ते 1961 वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरच्या रानातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे भूमिगत केंद्र चालवलं, कोकणी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांतून. सरकारी दाव्यांना तिथून उत्तर मिळायचं, गोव्याबाहेर लढ्यासाठी काय चाललंय ते कळायचं. आबा तेव्हा लहान होते. त्यांच्या वाड्यावर एकाच घरी सेट होता, मागच्या खोलीत. आवाज इतका बारीक ठेवायचे की कान चिकटवूनच ऐकायचं. मुलांना बाहेर अंगणात खेळायला बसवायचे, कोणी येतंय का बघायला. “आम्ही खेळत नव्हतो, पहारा देत होतो” असं आबा अजून अभिमानाने सांगतात. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी वरून सांगितली. लिबियाबाईंना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, शंभरी गाठल्यावर. मी पॉटरवॉचचं प्रकरण वाचते त्या शनिवारी हा सगळा इतिहास सांगते, आणि मुलं घरी जाऊन आपापल्या आजी-आजोबांना रेडिओबद्दल विचारतात. एका परदेशी जादूच्या कादंबरीने आमच्या गावात एवढं काम केलंय, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

रेडिओ ऐकून झाल्या झाल्या हॅरी उत्साहाच्या भरात व्होल्डेमॉर्टचं नाव घेतो. त्या नावावर जादू घातलेली असते, उच्चारलं की पत्ता लागतो. पकडले जातात, शत्रूच्या गोटातल्या शाळासोबती मॅलफॉयच्या वाड्यात नेले जातात, हर्मायनीचा छळ होतो आणि डॉबी, एके काळी गुलाम असलेला घरकाम करणारा एल्फ, येऊन सगळ्यांना सोडवतो. सुटताना फेकलेला सुरा डॉबीच्या छातीत बसतो.

डॉबीची कबर. हॅरीच्या हातात आता कांडी आहे, खड्डा एका क्षणात होईल. तो फावडं मागतो. समुद्राकाठच्या घराच्या बागेत, झुडपांमध्ये, रात्रभर खणत राहतो. घाम, हाताला फोड, कपाळावरच्या व्रणात कळ. थोड्या वेळाने रॉन आणि शाळासोबती डीन आपापलं फावडं घेऊन येतात, न बोलता खड्ड्यात उडी घेतात. हॅरी आपल्या जाकिटात डॉबीला गुंडाळतो, रॉन स्वतःचे बूट-मोजे काढून त्याला घालतो, डीन टोपी देतो. मैत्रीण लूना त्याचे डोळे मिटवते. मग दगडावर अक्षरं कोरली जातात, डॉबी मुक्त होता एवढंच सांगणारी. आणि खणता खणताच हॅरीचा निर्णय होतो. अजिंक्य कांडी व्होल्डेमॉर्टच्या हाती पडायच्या बेतात आहे, धावलो तर कदाचित आधी पोचू. तो धावत नाही. आपलं ठरलेलं काम, होरक्रक्स शोधायचं, तेच करायचं ठरवतो. कादंबरीतलं युद्ध माझ्या लेखी त्या खड्ड्यात जिंकलं जातं. त्याला जादू लागत नाही. त्या खणण्याने एका कडवट गॉब्लिनचंही मन हलतं, आणि पुढच्या गोष्टीला तेच उपयोगी पडतं.

शेवटची लढाई मुलांना माझ्या सांगण्याची गरज नाही, ती ती आपोआप वाचतात. तिथेही मला भावतात त्या छोट्या गोष्टी. घराशी भांडून सरकारला चिकटलेला रॉनचा भाऊ पर्सी ऐन वेळी परत येतो, सगळ्यांसमोर मी मूर्ख होतो म्हणतो, लढता लढता वर्षांनी पहिला विनोद करतो, आणि त्या विनोदावर हसत असतानाच दुसरा भाऊ फ्रेड मरतो. वर्षभर शाळेत मार खाऊनही मागे न हटलेला, चेहऱ्यावर जखमांचे ओरखडे घेऊन उभा असलेला वर्गमित्र नेव्हिल. तिघं बाहेर असताना आत राहून लढणारं कोणीतरी होतं, हे तिघांना ठाऊकही नव्हतं. आपला मुलगा जिवंत आहे एवढंच कळावं म्हणून थेट व्होल्डेमॉर्टशी खोटं बोलणारी मॅलफॉयची आई. शिक्षक स्नेपचं प्रकरण उत्तमच आहे, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

आता जे पटलं नाही ते. हॅरीच्या बाजूने लढणारं जोडपं ल्युपिन आणि टाँक्स, दोघंही एका वाक्यात मेलेले सापडतात. घरी त्यांचं तान्हं बाळ आहे. युद्धात असंच होतं हे मान्य, पण ज्या ल्युपिनला हॅरीने आधी “बायकोपोराला सोडून चाललास, भित्रा आहेस” म्हणून परत पाठवलं, त्याच्या वाट्याला आणखी थोडी जागा हवी होती. दुसरं, शिक्षिकेच्या तोंडावर थुंकणाऱ्या माणसावर हॅरी छळाचा शाप वापरतो. हाच शाप आधीच्या पुस्तकांत अक्षम्य म्हणून सांगितलेला. इथे त्याच शिक्षिका, मॅकगोनॅगल, त्याला जवळजवळ शाबासकी देतात आणि गोष्ट पुढे सरकते. हर्मायनीने खुराड्याखाली पैसे ठेवावेत एवढी काळजी घेणारं पुस्तक इथे थांबायला हवं होतं. मी मुलांना इथे थांबवते आणि विचारते. उत्तरं दोन्ही बाजूंची येतात, कधी कधी आवाजही चढतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात खुपते. लढाईआधी स्लिदरिन घरातली मुलं उठून जातात आणि त्यांच्या टेबलावर एकही जण उरत नाही. एकही? संपूर्ण पुस्तक सांगतं की माणूस रक्तावरून ठरत नाही, आणि इथे अकराव्या वर्षी टोपीने निवडलेल्या घरावरून शेकडो मुलांचा निकाल लागतो. त्यातल्या एकाला जरी थांबवलं असतं तरी पुस्तक मोठं झालं असतं. शेवटच्या द्वंद्वात कांडीचा खरा मालक कोण यावरचा खुलासाही लांबतो. ऐन वेळी दोघं गोल फिरताहेत आणि वकिली युक्तिवाद चाललाय. एकोणीस वर्षांनंतरचा उपसंहार मुलींना आवडतो, मला तो जास्त गोड वाटतो. ज्याचा जुळा भाऊ फ्रेड मेला त्या जॉर्जचं काय झालं, हे मला मुलांच्या नावांपेक्षा जास्त हवं होतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. आपल्याकडची पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात, त्यामुळे आठवीत एवढं जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात घेताना बिचकतात. संवाद सोपे आहेत, वर्णनं थोडी जड. पहिली तीन-चार प्रकरणं कोणीतरी मोठ्याने वाचून दिली की गाडी चालू लागते. आठवीच्या आत देऊ नये. हर्मायनीच्या छळाचा भाग आणि गॉड्रिक्स हॉलो गावातलं ते म्हाताऱ्या बाईचं प्रकरण रात्री झोप उडवणारं आहे. सहावा भाग वाचलेला असलाच पाहिजे, नाहीतर होरक्रक्स म्हणजे काय इथूनच गोंधळ. कागदी बांधणीची प्रत घेतलीत तर पावसाळ्यात कपाटात बंद ठेवू नका, पाठ सुटते. आणि एकेक प्रत दोघांनी मिळून वाचा. या पुस्तकावर भांडायला कोणीतरी हवंच.

चित्रपट आधी पाहू नका, हे मात्र आग्रहाने सांगेन. 2010 आणि 2011 मध्ये दोन भागांत आला, तंबूचा भाग त्यात बराचसा नीट उतरलाय. पण शेवट बदललाय. तिथे हॅरी ती अजिंक्य कांडी मोडतो आणि पुलावरून फेकून देतो. दिसायला छान. पुस्तकात तो आधी त्या कांडीने एक काम करतो. ख्रिसमसच्या रात्री मोडलेली, कित्येक महिने पिशवीत जपून ठेवलेली स्वतःची जुनी कांडी तो बाहेर काढतो आणि दुरुस्त करतो. जगातल्या सर्वांत शक्तिमान शस्त्राकडून त्याला एवढंच हवं असतं. मग ती कांडी जिथून आली तिथे परत ठेवायची असं ठरवतो, आणि त्याच्या मनात येतं की वरच्या खोलीत आपला पलंग वाट बघतोय, घरकाम करणारा एल्फ क्रीचर एखादं सँडविच आणून देईल का.